बोर्डिंग : भाकरीचा हिशेब आणि अक्षरांचा

दलित आत्मकथनांवर मराठीत पुष्कळ लिहून झाले आहे. परिसंवाद झाले, प्रबंध झाले, पुस्तके अभ्यासक्रमाला लागली. तरीही या साऱ्या लेखनात एका जागेविषयी विलक्षण मौन आहे. ती जागा म्हणजे बोर्डिंग. महारवाडा, मांगवाडा, भटक्यांचे पाल, शहरातली झोपडपट्टी यांवर समीक्षक भरभरून बोलतात. दया पवारांच्या 'बलुतं'मधला (१९७८) कावाखाना सर्वांच्या लक्षात आहे. धामणगावचा महारवाडा लक्षात आहे. पण दगडू पवार संगमनेरच्या ज्या बोर्डिंगात राहून शिकला, ते बोर्डिंग किती जणांना आठवते? आठवलेच तर तिथली आबाळ आठवते. म्हणजे बोर्डिंग हे भुकेचे आणखी एक ठिकाण, वाडीचीच पुढची पायरी, एवढाच त्याचा अर्थ आपल्या समीक्षेने लावला आहे.

या लेखात मला एवढेच म्हणायचे आहे की हा अर्थ अपुरा आहे, आणि तो अपुरा राहिल्याने केवळ समीक्षेचे नव्हे, आज वसतिगृहात राहणाऱ्या मुलामुलींचेही नुकसान झाले आहे.

भुकेचे महत्त्व कमी करण्याचा हेतू येथे नाही. प्र. ई. सोनकांबळे यांच्या 'आठवणींचे पक्षी'मधली (१९७९) भूक ज्याने वाचली आहे, तो असे धाडस करणार नाही. पोरके पोर शिक्षणाची वाट चालते आणि प्रत्येक वळणावर भाकरीचा प्रश्न आडवा येतो. हे वास्तव आहे. प्रश्न असा की, त्या पोराला भाकर मिळाल्यावर पुढे काय झाले? पोट भरलेली सगळीच पोरे लेखक होत नाहीत, कार्यकर्ते होत नाहीत. भाकर आणि पुस्तक यांच्यामध्ये काहीतरी घडले आहे. ते कुठे घडले, कोणाच्या संगतीत घडले, कोणत्या वेळी घडले, हे विचारण्याची गरज मराठी समीक्षेला वाटली नाही.

येथे एक तुलना करून पाहण्यासारखी आहे. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३) ही कादंबरी मोठ्या प्रमाणात वसतिगृहातच घडते. पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या आपल्या गावाहून पुण्याला शिकायला येतो. मेसचा कारभार, संमेलनाची धामधूम, मित्रांची टोळकी, वडिलांच्या पैशांची उधळण आणि शेवटी या सगळ्याचा आलेला वीट हे त्या वसतिगृहाचे जग आहे. या वसतिगृहावर समीक्षकांनी किती लिहिले! त्यात त्यांना अस्तित्वाचे प्रश्न दिसले, एका पिढीची तुटलेली मुळे दिसली. त्याला माझी हरकत नाही, 'कोसला' त्या लायकीची आहेच. पण शेतकरी बापाचा मुलगा वसतिगृहात राहतो तेव्हा त्याचे वसतिगृह ही जाणीव ठरते, आणि महाराचा, मांगाचा, कैकाड्याचा मुलगा राहतो तेव्हा त्याचे बोर्डिंग हा 'सामाजिक दस्तऐवज' ठरतो, ही वाटणी कोणत्या वाङ्मयीन नियमाने झाली? पांडुरंगाला मन आहे असे गृहीत धरले गेले. दगडूला पोट आहे एवढेच गृहीत धरले गेले.

पांडुरंगाला संधी वाया घालवता येतात, कारण त्या त्याच्यासमोर मांडलेल्या आहेत. वादसभा आहे, नाटक आहे, मासिक आहे, ग्रंथालय आहे. त्यांचा कंटाळा करण्याची चैन त्याला परवडते. आपल्या मुलांना या गोष्टी मांडलेल्या मिळाल्या नाहीत. त्यांनी त्या स्वतः उभ्या केल्या. हा फरक नीट समजून घ्यायचा तर बोर्डिंगांच्या इतिहासाकडे जावे लागते.

शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले. त्यानंतर जातीजातींची आणि धर्माधर्मांची बोर्डिंगे निघत गेली, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. गावात शाळा नाही, शहरात राहायला जागा नाही, खानावळ दारात उभी करत नाही, अशा काळात बोर्डिंग निघणे म्हणजे शिक्षणाचा दरवाजा उघडणे होते. परंतु या व्यवस्थेतली एक मर्यादाही त्याच वेळी दिसून आली. कर्मवीर भाऊराव पाटील तेव्हा कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात शिकत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले आणि परत आल्यावर शुद्धीची अंघोळ करायला त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रांत नोंदलेले आहे. जात सांभाळून शिकवणारे बोर्डिंग शिकवते खरे, पण जातीच्या उंबऱ्यापर्यंतच. या अनुभवाला भाऊरावांनी पुढे कृतीने उत्तर दिले. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी जे बोर्डिंग काढले, तेथे सर्व जातींची मुले एका चुलीवर रांधत आणि एका पंगतीत जेवत. ते चालावे म्हणून लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडले. पंगत हा त्या बोर्डिंगातला पहिला धडा होता.

त्याच सुमारास, जुलै १९२४ मध्ये, बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि ४ जानेवारी १९२५ रोजी सभेने सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह उघडले. या वसतिगृहाचा उल्लेख पुष्कळजण करतात. पण धनंजय कीरांनी बाबासाहेबांच्या चरित्रात जे पुढे नोंदले आहे, त्याकडे फारसे कोणी थांबून पाहत नाही. त्या काळात विद्यार्थी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक चालवत होते. सभेने मुंबईत मोफत वाचनालय काढले होते. आणि सभेचा एक हॉकी क्लबही होता.

या तीन गोष्टींकडे जरा लक्ष द्या. मासिक, वाचनालय आणि हॉकी. ज्यांच्याकडे वसतिगृहाच्या पिठामिठाला पैसे पुरत नव्हते, ज्यांच्या समाजाला सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी मिळत नव्हते (महाडचा सत्याग्रह अजून दोन वर्षे दूर होता), त्या माणसांनी मुलांच्या हाती लेखणी आणि हॉकीची काठी देण्याचा विचार केला. आधी पोट भरू, मग मनाचे पाहू, असा क्रम त्यांनी लावला नाही. माणूसपण हप्त्याहप्त्याने मिळत नसते हे त्यांना ठाऊक होते. भाकर, पुस्तक आणि खेळ ही तिन्ही एकाच ताटात वाढायची असतात, हा त्या सभेचा शैक्षणिक विचार होता. आज 'व्यक्तिमत्त्व विकास' या नावाखाली महाविद्यालयांतून जे एका दिवसाचे शिबिर होते, फोटो निघतो आणि अहवालाला जोडला जातो, त्याच्याशी १९२५ चा हा विचार ताडून पाहावा. तेव्हाची मुले मासिक चालवत होती. आजच्या मुलांना मुलाखतीला कसे बसावे हे शिकवले जाते.

हाच विचार पुढे मिलिंदमध्ये मोठ्या प्रमाणावर दिसतो. पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना १९४५ ची. १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, तिचे महाविद्यालय सुरू झाले आणि मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून मुले तिथल्या वसतिगृहांत आली. वळकटी आणि पत्र्याची पेटी घेऊन आलेल्या या मुलांना तेथे केवळ खोली मिळाली नाही. प्राचार्य म. भि. चिटणीसांचे 'युगयात्रा' हे नाटक त्याच परिसरात घडले. गंगाधर पानतावणे यांनी तेथेच अध्यापन केले आणि 'अस्मितादर्श' याच गावातून चालवले. मुंबईत वडाळ्याचे सिद्धार्थ विहार हे वसतिगृह असेच. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली, तेव्हा तिच्या कितीतरी चर्चा या वसतिगृहाच्या खोल्यांत झाल्या. म्हणून माझे असे मत आहे की, दलित साहित्याच्या उगमाची चर्चा करताना आपण वाडी आणि चळवळ ही दोनच ठिकाणे सांगतो, तेथे तिसरे ठिकाण जोडले पाहिजे. वाडीने वेदना दिली, चळवळीने दिशा दिली. पण त्या वेदनेला शब्द सापडायला जो वेळ, जो दिवा आणि जी सोबत लागते, ती पुष्कळांना बोर्डिंगाने दिली.

मग आपल्या आत्मकथनांत हे का येत नाही? येथे प्रस्थापित समीक्षेला दोष देऊन भागणार नाही. आपल्याच लेखकांनी बोर्डिंगाकडे एखाद्या बोळासारखे पाहिले आहे. एका टोकाला गाव, दुसऱ्या टोकाला नोकरी आणि मधला हा अंधारा बोळ. त्यातून जाताना डोके कुठे आपटले हे ते सांगतात, पण त्या बोळात शेजारी कोण चालत होते हे सांगत नाहीत. शंकरराव खरातांचे 'तराळ अंतराळ' (१९८१) घ्या. आटपाडीच्या तराळाचा मुलगा तेव्हाच्या मराठवाडा विद्यापीठाच्या कुलगुरुपदापर्यंत जातो, हा प्रवास थक्क करणारा आहे. किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर'मधला (१९९४) मुलगा मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होतो. अशा पुस्तकांतून एक एकटा 'मी' डोळ्यांपुढे उभा राहतो. हा एकटेपणा खरा आहे, पण संपूर्ण खरा नाही. रात्री दिव्याखाली कोणते पुस्तक हातोहात फिरले, कोणी कोणाला इंग्रजीचे व्याकरण शिकवले, बाबासाहेबांचे भाषण पहिल्यांदा कोणी मोठ्याने वाचून दाखवले, वाद कशावरून पेटला, हे तपशील आपल्या आत्मकथनांत अपवादानेच सापडतात.

याची कारणे दोन असावीत असे मला वाटते. एक कारण वाचकाचे. ही पुस्तके प्रथम ज्या वाचकाने विकत घेतली, त्याला आमची भूक नवीन होती. आमचे वाचन नवीन नव्हते, कारण वाचणे हा त्याच्या घरातला रोजचा विषय. त्याने जे विचारले त्याची उत्तरे लिहिली गेली. दुसरे कारण अधिक खोल आहे. 'मी माझ्या हिमतीवर शिकलो' हे वाक्य आपल्यालाही आवडू लागले. या वाक्यात बोर्डिंग काढणारे नाहीत, मूठमूठ धान्य देणारी वाडी नाही, आपल्याआधी त्याच खोलीत राहून गेलेला आणि आपली पुस्तके मागे ठेवून गेलेला मुलगा नाही. समूहाने घडवलेली गोष्ट एकट्याच्या नावावर जमा झाली. चळवळीच्या दृष्टीने ही साधी चूक नव्हे.

आणि मुलींचे काय? कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' (१९८१), शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' (१९८६), ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३) ही पुस्तके क्रमाने वाचा. घर, शाळा, नोकरी, संसार, चळवळ ही त्यांतली ठिकाणे आहेत. मुलांच्या आत्मकथनांत निदान बोळाइतकी तरी जागा बोर्डिंगाला आहे, मुलींच्या वाट्याला तेवढीही आली नाही. याचा अर्थ मागणी झाली नाही असा नव्हे. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली, तेव्हा मुलींच्या शिक्षणाबरोबर त्यांच्या वसतिगृहांचाही विचार ठरावांत झाला. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) हे पुस्तक लिहिले नसते, तर हा सगळा इतिहास आपल्याच घरात पुरला गेला असता. मुलीला बोर्डिंगात ठेवायचे म्हटले की आजही प्रथम कुंपणाची आणि कुलपाची चौकशी होते. तिच्या वाचनाच्या खोलीची चौकशी कोणी करत नाही. रात्री आठ वाजता फाटक बंद होते. ग्रंथालय मात्र गावात, फाटकाच्या बाहेर.

स्वतःविषयी थोडे सांगणे येथे अप्रस्तुत होणार नाही. आमच्या घरात पहिला पदवीधर मी. तालुक्याच्या गावी मागासवर्गीय मुलांच्या शासकीय वसतिगृहात मी चार वर्षे काढली. तेथे पुस्तकांचे एक लोखंडी कपाट होते. कपाटाला कुलूप होते आणि किल्ली गृहपालांच्या खिशात होती. तपासणीला साहेब येत त्या दिवशी कपाट उघडे असे, पुस्तके पुसलेली असत, आणि यादी भिंतीला लावलेली असे. साहेबांची गाडी वळली की कुलूप परत लागे. जेवणाची तक्रार आम्ही अनेकदा केली आणि तिची चौकशीही झाली. कपाटाची तक्रार कोठे करायची हे आम्हाला माहीत नव्हते, कारण तशा तक्रारीचा रकानाच कुठल्या कागदात नव्हता. पण त्याच वसतिगृहात बी. ए.च्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा रोज रात्री जेवणानंतर पायरीवर बसून वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचायचा. आम्ही आठ-दहा जण भोवती बसायचो. कळायचे थोडे, भांडायचो फार. सहा डिसेंबरला आम्ही कार्डशीटवर भित्तिपत्रक काढले, त्यात माझा पहिला लेख होता. दोन दिवसांनी ते 'भिंत खराब होते' म्हणून उतरवले गेले. माझ्या शिक्षणाचा हिशेब मांडताना सरकारने दिलेल्या थाळ्या मी मोजीनच. पण ती पायरी कोणत्या खात्यावर टाकायची?

हा प्रश्न आज अधिक तातडीचा झाला आहे. शासकीय वसतिगृहात ज्यांना जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०१६-१७ पासून बाबासाहेबांच्या नावाने 'स्वाधार' योजना सुरू केली. राहण्या-जेवणाचे पैसे विद्यार्थ्याच्या बँक खात्यावर जमा होतात. २०१८ मध्ये आदिवासी मुलांच्या वसतिगृहांतल्या मेस बंद करून जेवणाचे पैसे खात्यावर देण्याचे धोरण आले, तेव्हा मुले त्याविरुद्ध पुण्याहून नाशिककडे पायी निघाली. त्या मोर्चाची बातमी 'जेवणाचे पैसे' या विषयाची म्हणून छापली गेली. खरे तर ती मुले फार मोठे काही सांगत होती. मेस गेली की पंगत जाते, पंगत गेली की पायरी जाते, आणि पायरी गेली की उरते ते भाड्याच्या खोलीत स्टोव्ह पेटवणारे एकटे पोर.

स्वाधारचे पैसे नकोत असे कोणीही म्हणणार नाही. ते वेळेवर मिळावेत, वाढावेत, त्यासाठी लढलेच पाहिजे. माझ्या वर्गातली कितीतरी मुले त्यावरच शिकतात. एस. टी. स्टँडमागे तिघांत एक खोली घेतात, घरमालकाने आडनाव विचारले की दुसरी खोली शोधतात. पण खात्यावर पैसे येतात, सोबत येत नाही. वसतिगृह म्हणजे छप्पर अधिक जेवण, असे समीकरण एकदा मान्य केले की त्याचे रुपयांत रूपांतर करणे सोपे होते. आणि हे समीकरण केवळ सरकारने मांडले आहे का? बोर्डिंग म्हणजे भुकेचे ठिकाण असे पन्नास वर्षे सांगणाऱ्या समीक्षेनेही तेच मांडले आहे. साहित्यातले अर्धे वाचन असे धोरणातल्या अर्ध्या विचाराला जाऊन मिळते.

वसतिगृह आपल्या मुलांना घडवते हे आपण विसरलो असू, व्यवस्था विसरलेली नाही. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात पाच दलित संशोधक विद्यार्थ्यांना शिक्षा द्यायची ठरली, तेव्हा त्यांना प्रथम वसतिगृहातून बाहेर काढण्यात आले. त्यांनी उघड्यावर आपले बिऱ्हाड मांडले आणि त्याला 'वेलिवाडा' म्हटले. तेलुगूत त्याचा अर्थ गावाबाहेरची अस्पृश्यांची वस्ती. १७ जानेवारी २०१६ रोजी त्यांच्यातला रोहित वेमुला आपल्यातून गेला. आणि पंगतीचे म्हणाल, तर २०२३ मध्ये मुंबईच्या आयआयटीतल्या वसतिगृहात केवळ शाकाहाऱ्यांसाठी वेगळी टेबले ठरली व त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याला दंड झाला. साताऱ्याच्या एका चुलीला जवळपास शंभर वर्षे होत असताना हे घडले. तेव्हा वसतिगृह हा केवळ समाजकल्याण खात्याचा विषय आहे, साहित्याचा नाही, असे कोणी म्हणू नये.

समीक्षकाने येथे काय करावे? आपली आत्मकथने पुन्हा वाचावीत आणि या वेळी रात्रीचे प्रसंग शोधावेत. कोण काय वाचत होता, कोणाला वाचून दाखवत होता, हे विचारावे. हयात असलेल्या लेखकांकडे, कार्यकर्त्यांकडे, निवृत्त शिक्षकांकडे जाऊन त्यांच्या बोर्डिंगाची हकिगत उतरवून घ्यावी. जुनी भित्तिपत्रके, हस्तलिखिते, संमेलनाच्या कार्यक्रमपत्रिका कुणाच्या पेटीत असतील, तर त्या वाळवीच्या आधी आपल्या हाती याव्यात. आत्मकथन लिहिणाऱ्या नव्या मित्रांना, आणि विशेषतः वसतिगृहात राहून शिकलेल्या मुलींना, एवढेच सांगणे की भूक लिहा, अपमान लिहा, पण तुमच्याबरोबर ज्यांनी पुस्तक वाटून घेतले त्यांची नावेही लिहा.

आणि जे विद्यार्थी आज वसतिगृहात आहेत, त्यांनी डाळीतल्या पाण्याविषयी निवेदन लिहिताना खाली आणखी चार ओळी लिहाव्यात. कपाटाची किल्ली विद्यार्थ्यांच्या ताब्यात द्या. वर्तमानपत्र गृहपालांच्या घरी नको, वाचनाच्या खोलीत हवे. मुलींच्या वसतिगृहातले ग्रंथालय फाटकाच्या आत हवे. आणि एक भिंत आमच्या भित्तिपत्रकासाठी मोकळी सोडा, ती खराब झाली तरी चालेल.